खालच्या खणापासून

सगळ्यात वरचा खण

अच्युतराव सबनीस जेवणाच्या टेबलाशी आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते, आणि तिथून त्याच क्षणी निघाले असते तरी घरी पोहोचायला दिवाळी उजाडली असती.

मालिनीबाई टेबलाच्या अलीकडच्या काठाशी उभ्या राहून पोह्यांवर कोथिंबीर घालत होत्या. मधे मेणकापड, त्यावर छापलेली डाळिंबं, मिठाची बरणी, कालचा पेपर. पलीकडच्या काठाशी नवरा. डावा कोपर टेबलावर, पुढ्यात उघडं पुस्तक, शेजारी चहाचा कप. सगळं रोजच्यासारखं. फक्त ते वाटाण्याएवढे दिसत होते.

“अहो, पोहे गार होताहेत.”

त्यांनी मान वर केली नाही. मालिनीबाईंनी पोह्यांवर झाकण ठेवलं, भाजी निवडली, कुकर लावला. वरणाला फोडणी घालत असताना पाठीमागून आवाज आला. अगदी स्वच्छ, नुसता लांबचा.

— झाकून ठेव. एवढं पान झालं की आलोच.

त्यांना यात फारसं वावगं वाटलं नाही. लग्न झाल्यापासून अच्युतरावांची उत्तरं उशिरानेच येत. टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर त्यांनी सगळी नोकरी काढली. दिवसभर गुवाहाटी, श्रीनगर, कोचीन जोडून देऊन माणूस घरी आला की त्याला स्वयंपाकघरातली हाक ऐकू येत नसे. “जवळचं माणूस आपोआप बोलतं, मालू,” ते म्हणायचे. “लांबच्याला जोडून द्यावं लागतं.”

शेजारच्या कुसुमताई लाटकर विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

“अगंबाई! सबनीस किती बारीक झाले हो. शुगर बघितलीत का?”

“बारीक नाही झाले. लांब गेलेत.”

“मग हाक मारा की.”

“मारलीय. पोचायचीय अजून.”

कुसुमताईंनी डोळे किलकिले करून टेबलापलीकडे पाहिलं. “आमचे हेही रिटायर झाल्यावर असेच बसायचे. मी रोज दळणाला पिटाळायला लागले, तेव्हा आले ताळ्यावर. विरजण जरा आंबट दिसतंय, नाही?”

विरजण घेऊन त्या गेल्या.

सगळं त्या पुस्तकापासून सुरू झालं होतं. जाडजूड, काळ्या कापडी बांधणीचं, नाव ‘निरुत्तर’. मंगळवारी वाचनालयातून आणलं तेव्हा अच्युतराव खुशीत होते. रहस्यकथा वाचून संपल्या होत्या, भुताखेतांच्याही संपल्या होत्या, आणि आता वाचनालयात एका वकिलांच्या घरून पुस्तकांचं भलतंच कपाट आलं होतं. या गोष्टींत भूत नसतं, ते म्हणाले. शाप नसतो. कुणी कुणावर सूड उगवत नाही. आभाळाच्या मागे काहीतरी आहे, फार जुनं आणि फार मोठं, एवढंच असतं.

“आणि मग?” मालिनीबाईंनी विचारलं होतं.

“मग काही नाही. एवढंच.”

बुधवारी त्यांचा हात मिठाच्या बरणीपर्यंत पोचेना. गुरुवारी त्यांच्या शर्टाच्या रेघा दिसेनाशा झाल्या. शुक्रवारी मालिनीबाई त्यांच्याकडे जायला म्हणून टेबलाच्या कडेकडेने चालू लागल्या. बरंच चालल्या, आणि दमून मागे वळून पाहिलं तर त्या अजून आपल्याच खुर्चीपाशी होत्या.

जाताना त्यांच्याबरोबर निळ्या काठाचा कप गेला होता. सहांच्या सेटमधला तेवढाच उरला होता.

“अहो, कप तेवढा इकडे सरकवा. विसळून ठेवते.”

याचं उत्तर त्या दिवशी आलं नाही.


त्याच्या खालचा खण

लोकहित वाचनालय बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावर आहे. ग्रंथपाल हुसेन अत्तार यांनी मालिनीबाईंना जिन्यातच विचारलं, “वहिनी, सुरुवात कुठून केली त्यांनी?”

“वरच्या खणातून. ‘निरुत्तर’.”

अत्तारांनी कपाळाला हात लावला.

“मी सांगत होतो. या कपाटात शिरायचं तर खालच्या खणापासून शिरावं. खालच्या खणात ते फाटकाबाहेर असतं. कुत्री भुंकतात, सकाळी रांगोळी विस्कटलेली दिसते, बस. माणूस वाचतो, अंगावर काटा येतो, दार नीट लावून झोपतो. त्याच्या वरच्या खणात ते कडीला हात घालतं. मधल्या खणात आत येऊन बसतं आणि पाणी मागतं. त्याच्या वर गेलं की कळतं, घर बांधायच्या आधीपासून ते तिथेच होतं. आपणच त्याच्या अंगावर जोतं घातलं.”

“आणि सगळ्यात वर?”

“सगळ्यात वरच्या खणात त्याला तुमचं घर आहे हेच माहीत नसतं.”

“मग बरंय की. माहीत नाही तर त्रास नाही.”

अत्तारांनी टेबलावरच्या शिक्क्यातली तारीख एका दिवसाने पुढे सरकवली.

“मला म्हणाले, अत्तारभाऊ, आम्ही ट्रंकवाले. लांबचा कॉल आधी लावायचा, गावातले मागून. खालच्या खणाला काय, हात केव्हाही पोचेल. आणि गेले ते जाडं पुस्तक काखोटीला मारून.”

“आता काय करायचं?”

“आता त्यांना उतरवायचं. एकेक खण. त्यांनी वाचलं तर ते जवळ येतील.”

“आणि नाही वाचलं तर?”

“वरच्या खणाच्या वर फळी नाही, वहिनी.”

त्यांनी ‘जुनं जोतं’ नावाचं पुस्तक काढलं, त्यावरची धूळ बाहीने पुसली आणि हातात देताना बजावलं, “तुम्ही उघडू नका. आणि खूण करायला सांगा. या कपाटातलं पुढचं पुस्तक मी मागच्यावरची खूण बघूनच देणार.”

खुणेची गोष्ट अशी. लोकहितच्या जुन्या सभासदांची एक सवय होती. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून प्रत्येकाने आपलं एक पान ठरवलेलं असे, आणि पुस्तक वाचून झालं की त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकशी खूण करायची. कुणाचं बिल्वपत्र, कुणाची चांदणी. कुसुमताईंच्या सासूबाई उंट काढत. कपाटापुढे उभं राहून कुणी पुस्तकाचं नाव बघत नसे, नावं काय, सारखीच असतात. पान उघडायचं, खूण दिसली की पुस्तक परत फळीवर. अच्युतरावांचं पान अठरावं, कारण बोर्डावर त्यांची जागा अठरा नंबरची. त्यांची खूण म्हणजे गोल आणि गोलात टिंब, बोर्डावरच्या भोकासारखी. लग्न होऊन आल्यावर मालिनीबाईंनीही तेच पान घेतलं. त्यांची तीन टिंबं. लोकहितमधल्या कितीतरी पुस्तकांत अठराव्या पानावर त्या दोन खुणा शेजारी शेजारी आहेत. गोल आधी, तीन टिंबं मागून.

घरी येऊन मालिनीबाईंनी ‘जुनं जोतं’ मेणकापडावर ठेवलं आणि लाटण्याने पुढे ढकललं. हात संपला तेव्हा झाडूच्या दांड्याने ढकललं. मग ते आपलं आपण सरकू लागलं. डाळिंबांमागून डाळिंबं ओलांडत ते काडेपेटीएवढं झालं, मग तांदळाच्या दाण्याएवढं. पलीकडे एका बारीकशा हाताने ते उचललं.

ते वाचत असताना मालिनीबाई त्यांच्याशी बोलत राहिल्या. प्रश्न सकाळी विचारायचा, उत्तर संध्याकाळी ऐकायचं.

“अहो, तिथे आहे तरी काय?”

— टेबलच आहे. बरंच आहे.

“आणि ते? पुस्तकातलं?”

— आहे. आपल्याकडे पाठ आहे त्याची. पाठच आहे का, तेही नक्की नाही.

“तिथून आपलं घर दिसतं का?”

— घरं दिसतात. आपलं कोणतं ते कळत नाही.

“मी गॅलरीत ती मोठी पिवळी चादर वाळत घालते. बघा.”

— सगळ्यांनीच घातलीय.

तरी अत्तारांचं म्हणणं खरं होत होतं. पानं उलटत गेली तसे अच्युतराव मोठे होत गेले. वाटाणा, बोर, मग लिंबू. एका सकाळी त्यांच्या शर्टाच्या रेघा दिसल्या, आणि कॉलरचं उसवलेलं टोकही. मालिनीबाई सुईदोरा घेऊन आल्या आणि तो हातात धरून बसून राहिल्या.

मग पुस्तक संपलं. त्यांनी ते मिटून परत सरकवलं. ते येताना मोठं मोठं होत आलं, आपल्या मापाचं झालं आणि त्यांच्या हाताशी येऊन थांबलं. अठराव्या पानावर गोल होता, गोलात टिंब होतं. मालिनीबाईंनी आनंदाने मान वर केली. अच्युतराव पुन्हा बोराएवढे झाले होते. हातात पुस्तक नसलं की ते मागे सरकत होते.


मधला खण

आता घरही लांबत चाललं होतं. ओट्यावरून मोरीपर्यंत भांडी न्यायची तर मधे बसावं लागे. निजायच्या खोलीचं दार दिसत होतं, पण संध्याकाळच्या आत तिथे पोचणं होत नसे, म्हणून मालिनीबाईंनी उशी स्वयंपाकघरातच आणून ठेवली. दूध उतू जाताना दिसायचं आणि त्या पोचेपर्यंत त्याची साय धरलेली असायची. कुणी बेल वाजवली तर ती दुसऱ्या दिवशी ऐकू येई.

वाचनालयात जायला त्या निघाल्या तेव्हा दारापाशी पोचल्यावर त्यांनी सवयीने सांगितलं, “अहो, मी पुस्तक बदलून येते हं.” आणि या वेळी उत्तर लगेच आलं, कारण ते त्यांच्या बोलण्याचं उत्तर नव्हतंच.

— ट्रंक. नंबर सांगा.

“अहो, मी बोलतेय.”

त्या उत्तराची वाट बघत उंबऱ्यावर बसून राहिल्या. ऊन जिन्याच्या पायरीवरून उतरून खाली अंगणात गेलं.

— मी म्हणजे कोण? कोणत्या गावाहून?

“मालू.”

ऊन अंगणातून गेलं.

— मालू नावाचं गाव यादीत नाही, बाई. लाइनवर थांबा.

मालिनीबाई उठल्या आणि चपला हातात घेऊनच जिना उतरल्या.

वाचनालयात कुसुमताई वाचकांच्या बाकावर दिवाळी अंक चाळत बसल्या होत्या. अत्तारांचं टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि हॉल आता एखाद्या गोदामासारखा दिसत होता. मालिनीबाईंनी ‘जुनं जोतं’ पुढे केलं. अत्तारांनी कोणतंच पान वाचलं नाही. अठरावं तेवढं उघडलं.

“खूण आहे. म्हणजे वाचलं.” त्यांनी ‘पाहुणा’ काढून दिलं. “चाललंय छान. पण घाई नको. पुस्तकाला पुस्तकाचा वेळ लागतो.”

मालिनीबाई ‘पाहुणा’ घेऊन बाकावर कुसुमताईंशेजारी बसल्या. पुस्तक बरंच जाड होतं. हे जाणार, ते वाचणार, परत येणार, मधे ते पुन्हा मागे सरकणार. मग अजून दोन. तोवर यादीत कोण उरणार?

“चेहरा का असा?” कुसुमताई म्हणाल्या.

“तीन राहिलीत. आणि ते मला ओळखेनासे झालेत.”

“त्यात काय, आमच्याकडे तीस वर्षं झाली.” मग मालिनीबाईंचा चेहरा नीट पाहून त्यांनी आवाज खाली आणला. “ऐका. वाचतंय कोण आणि बघतंय कोण! आमच्या सासूबाईंना शेवट वाईट असलेली पुस्तकं सोसायची नाहीत. आठ आठ दिवस रडायच्या, आणि वर स्वयंपाकाला नावं ठेवायच्या. मग मी काय करायचे, त्यांच्या हातात पडायच्या आधी त्यांच्या पानावर एक उंट काढून ठेवायचे. त्या उंट बघायच्या, म्हणायच्या, अगो, हे झालंय माझं. पुस्तक गेलं परत. मरेपर्यंत कळलं नाही म्हातारीला.”

“पण हे वाचायला हवंय. टाळायचं नाहीये.”

“अहो, अत्तार तरी काय बघतात? खूणच ना?”

मालिनीबाईंनी अत्तारांकडे पाहिलं. लांब, उजेडात, ते पुठ्ठ्याला गोंद लावत होते. ‘खूण आहे, म्हणजे वाचलं,’ असं त्यांनीच म्हटलं होतं. मालिनीबाईंनी पर्समधून पेन्सिल काढली, ‘पाहुणा’चं अठरावं पान उघडलं, पानावरचं काही दिसू नये म्हणून त्यावर रुमाल ठेवला, आणि कोपऱ्यात एक गोल काढला. गोलात टिंब दिलं.

पेन्सिल टेकवताना त्यांना वाटलं, इतकी वर्षं शेजारी बघतोय, तरी हा गोल आपण पहिल्यांदाच काढतोय.

त्या पुन्हा अत्तारांच्या टेबलापर्यंत चालत गेल्या.

“एवढ्यात झालं?” अत्तार म्हणाले.

“भराभर वाचताहेत आता.”

अत्तारांनी खूण पाहिली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिली. त्यांचे ओठ हलले, पण ते काय म्हणाले ते मालिनीबाईंना ऐकू आलं नाही. ‘कडी’ मात्र त्यांनी दिलं, आणि ‘पाहुणा’ही परत घेतलं नाही.


त्याच्या खालचा खण

‘कडी’वर त्यांनी उभ्याउभ्याच खूण केली. रुमालही ठेवला नाही. हात सवयीचा झाला होता.


सगळ्यात खालचा खण

‘फाटकाबाहेर’ हे इतकं बारीक पुस्तक होतं की त्यात अठरावं पान असेल की नाही याचीच त्यांना आधी शंका आली. होतं. त्यावरही गोल काढून त्या घरी निघाल्या. तिन्ही पुस्तकं झाली होती. कपाट उतरून संपलं होतं. जिना चढताना त्यांनी मनात ठरवलं की आत गेल्यावर आधी काही बोलायचं नाही. नुसतं जाऊन त्यांच्या कॉलरचं टोक शिवायचं.

दार उघडलं तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या काठाशी अच्युतराव होते. मोहरीएवढे.

मालिनीबाई बराच वेळ पर्स खांद्याला तशीच ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचार केला की खुणा इथे आपल्या हातात आहेत, त्या त्यांच्यापर्यंत पोचल्या नाहीत. पोचल्या की होईल. त्यांनी तिन्ही पुस्तकं एकावर एक ठेवली, मधल्या खणातलं तळाशी, सगळ्यात बारीक वर, आणि झाडूच्या दांड्याने ढकलली. ती चवड डाळिंबांवरून लांब लांब गेली.

पलीकडे हात आला की नाही ते आता नीट दिसतही नव्हतं. त्यांनी मिठाची बरणी पुसली. पोह्यांवरचं झाकण उचलून पाहिलं. पोहे अजून कोमट होते.

— हे झालंय वाचून.

मालिनीबाईंचा हात झाकणावरच राहिला.

“नाही झालं! अहो, ते वाचा. ती खूण माझी आहे.”

— हेही झालंय.

“अहो, ऐका. मी काढलीय ती. उघडून बघा तरी!”

पण त्यांचं बोलणं आत्ता कुठे निघालं होतं, आणि अठराव्या पानावर खूण दिसल्यावर अच्युतरावांनी उघडं ठेवलेलं पुस्तक मालिनीबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं.

— आणि हेही. सगळी झालीत की. मला एकही आठवत नाही बघ, पण खूण आहे.

मग दुसरा एक आवाज आला. तो टेबलाकडून नाही, दाराकडून आला, बाजारपेठेच्या दिशेने. अत्तारांचा होता, पुठ्ठ्याला गोंद लावत बोलल्यासारखा, सावकाश.

— वहिनी, ही गोलाई त्यांच्या हातची नाही. असलं करू नका. ते खूण बघून पुस्तक मिटतील.

“हो, अत्तारभाऊ,” मालिनीबाई म्हणाल्या.

पलीकडे मोहरीचा दाणा हलला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, फरशीवर खुर्ची सरकते तसाच, त्यांच्या घरातला. इतक्या वर्षांत हजार वेळा त्या म्हणाल्या होत्या, उचलून सरकवा हो, ओरखडे पडतात.

— इथलं तर सगळं वाचून झालं. मग पुढचं बघतो.

“पुढे काही नाही!” त्या ओरडल्या. “वरच्या खणाच्या वर फळी नाहीये!”

हे वाक्य मेणकापडावरून निघालं. ते कधी पोचेल याचा हिशोब अच्युतरावांना करता आला असता. मालिनीबाईंना येत नव्हता. पलीकडच्या काठाशी खुर्ची दिसत होती की तो मेणकापडावरचा डाग होता, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

पुस्तकं परत आली. आपापल्या मापाची झाली आणि हाताशी थांबली. सगळ्यात वर ‘फाटकाबाहेर’.

तेव्हा मालिनीबाईंच्या लक्षात आलं की एक रस्ता उरला आहे, आणि तो सरळ आहे. आपण जायचं. खालच्या खणापासून, अत्तार म्हणतात तसं. आधी फाटकाबाहेरची कुत्री, मग कडी, मग पाहुणा, मग जोतं. नीट, क्रमाने, एकही पान न गाळता, वरपर्यंत. जाडं पुस्तक त्यांच्याकडेच आहे, तिथे पोचलो की मागून घेऊ. त्यांनी चष्मा पुसला. खुर्ची उचलून पुढे घेतली. पुस्तक हातात घेतलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, काही विचार न करता, आधी अठरावं पान उघडलं.

कोपऱ्यात त्यांनी काढलेला गोल होता, गोलात टिंब होतं. शेजारी तीन टिंबं होती.

ती जरा जाड होती. अच्युतराव पेन्सिल दाबून धरत.

— मालू, माझी खूण होती आणि तुझी राहिली होती. असं कधी झालं नाही आपलं. तिन्हीवर केली मी.

अच्युतरावांना नाव आठवलं होतं. मालिनीबाई ते वाक्य पुन्हा ऐकू येईल म्हणून थांबल्या, पण ते एकदाच आलं होतं.

मग त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान काढलं. पहिली ओळ वाचली. ती त्यांना माहीत होती. दुसरी ओळ त्या ओळीवर नजर जायच्या आधीच आठवत होती. त्यांनी दहा पानं उलटली, मग शेवटचं. कुत्री कुठल्या बाजूला तोंड करून भुंकणार, रांगोळीचा कोणता ठिपका विस्कटणार, सगळं झालेलं होतं. कुठेही बोट ठेवलं तरी ती जागा मागेच पडलेली होती. ‘कडी’ तसंच. ‘पाहुणा’ तसंच. आता ज्यात शिरता येईल अशी एकही ओळ त्या चवडीत नव्हती.

दाराची बेल वाजली. कालची असणार.

“मालिनीताई,” बाहेरून कुसुमताईंचा आवाज येत होता, “ते वकिलांचं कपाट म्हणतात ना, मीही एखादं आणावं म्हणते. सुरुवात कुठून करू हो? मालिनीताई?”

मालिनीबाईंनी उत्तर दिलं. ते दारापर्यंत पोचायला वेळ लागणार होता.

मग मेणकापडावर, डाळिंबांच्या रांगा जिथे एकमेकींत मिसळतात तिथे, काहीतरी हललं. आवाज आला, जुना, पहिल्या दिवशीचा, तोंडात घास असल्यासारखा.

— हा घे, सरकवला कप.

निळा काठ त्यांनी लगेच ओळखला. आधी मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा, मग लिंबाएवढा. तो कपाच्या मापाचा झाला तेव्हा मालिनीबाईंनी हात पुढे केला, पण कप अजून लांब होता. तो कुकरएवढा झाला. पिंपाएवढा झाला. दारापेक्षा उंच झाला आणि अजून डाळिंबांमागून डाळिंबं ओलांडत येतच होता, सावकाश, न हिंदकळता. त्याच्या मागे ढकलणारा हात दिसत नव्हता. त्यातून वाफ येत होती. समोरची भिंत होती तिथे आता नुसता निळा काठ होता, आणि तो अजून लांबच होता.

मालिनीबाईंनी मिठाची बरणी उचलून बाजूला ठेवली, पोह्यांची थाळी आपल्याकडे ओढली, पदराने मेणकापड पुसलं आणि त्याच्यासाठी जागा केली.